घड्याळजी, सासूबाई आणि फ्रिजचं पाणी

घड्याळजी आणि त्यांच्या सासूबाई सहा वर्षं एका घरात राहत होते, पण एकमेकांशी थेट बोलत नव्हते. भांडण असं काही झालंच नव्हतं. वारलेल्या सासऱ्यांचं मनगटी घड्याळ उघडून जावई एकदा म्हणाले होते, "यात आता काही राम नाही." ते सासूबाईंच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून सगळा कारभार बायकोमार्फत. "त्यांना सांग, ताट वाढलंय." "आईंना सांग, आलोच."

मग बायको ऑफिसच्या कामासाठी चार दिवस परगावी गेली आणि दुसऱ्याच सकाळी फ्रिजने दगा दिला.

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, तर फरशीवर हे तळं! पाय घसरता घसरता राहिला. ओट्याकडे बघत त्यांनी जाहीर केलं, "कुणीतरी फ्रिज बघायला हवा."

"बघतोय," घड्याळजी फ्रिजलाच म्हणाले.

त्यांनी दाराचं रबर पुसलं, पुढचे पाय फिरवून फ्रिज जरा मागे कलता केला, फरशी कोरडी केली. तासाभराने पुन्हा पाणी. मोहरीएवढे स्क्रू लीलया बसवणाऱ्या माणसाने त्या कपाटाएवढ्या यंत्रापुढे हात टेकले.

सासूबाईंनी इस्पितळाच्या धोबीखान्यात तुंबलेल्या मोऱ्यांशी तीस वर्षं संसार केला होता. त्यांना राहवेना.

"नुसतं पुसून काय होणार? पाणी येतं कुठून ते शोधा. भाजीचा खण ओढा बघू."

घड्याळजी चमकले. हे थेट त्यांनाच होतं! खण ओढला, तर खाली बोटभर पाणी.

"आई, बरोबर आहे तुमचं!"

"आधी बटन बंद करा. तेवढंही मीच सांगायचं का?"

बटन बंद झालं. आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी वाहून जायला एक भोक होतं, तेच बुजलं होतं. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, दुकानातला बारीक चिमटा घेतला. सासूबाईंनी टॉर्च धरला.

"डावीकडे."

"दिसतंय हो."

"दिसतंय तर काढा की!"

आधी वाटाण्याचं साल निघालं, मग कोथिंबिरीची काळी पडलेली काडी.

"हे तुमच्या लेकीचं काम."

"माझ्या लेकीचं? भाजी आणून तशीच कोंबतं कोण?"

औषधाच्या पिचकारीने घड्याळजींनी भोकात कोमट पाणी सोडलं. क्षणभर काहीच नाही. मग गुडगुड झाली आणि मागच्या ट्रेमध्ये टपटप पाणी पडलं. दोघंही लहान मुलांसारखे हसले.

चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, "ते घड्याळ गेलेलंच होतं, मला कळत होतं. पण ते तुम्ही जरा गोड शब्दांत सांगायचंत."

"चुकलंच माझं, आई."

"असू दे. कप द्या इकडे, अजून ओतते."

चौथ्या दिवशी बायको परतली. दोघं जमिनीवर बसून तावातावाने वाद घालत होते आणि मध्ये शेजारणीचा मिक्सर सुटा होऊन पडला होता.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"थांब गं जरा," दोघंही एकदमच म्हणाले.

तिने बॅग ठेवली आणि गालात हसत स्वतःच चहा टाकला.