प्रभाकरचा डावा डोळा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ जरा सैल होतेय.

माझी एकच कादंबरी लोकांना माहीत आहे. सौंसरचा संत्रा बागायतदार मरणाला टेकलाय आणि घरचे सगळे "बरे व्हाल" म्हणत त्याच्याशी खोटं बोलताहेत — तीच. नागपूरला तिला बक्षीस ठरलं. पण ती माझी होती का? एका जुन्या रशियन लघुकादंबरीतला माणूस उचलून मी संत्र्यांत आणून बसवला. बर्फाच्या जागी धुकं घातलं — एवढीच माझी अक्कल.

हे ओळखलं फक्त प्रभाकरनं. आम्ही पांढुर्ण्याच्या एकाच शाळेत शिकवायचो; तो नदीपलीकडे सावरगावात राहायचा. ते पुस्तक त्यानंच मला दिलं होतं. तो रागावलासुद्धा नाही. म्हणाला, "अबे, जगातले मोठमोठे लेखक त्या पुस्तकावरून लिहून राहिले. लाज कायची? बक्षीस घेताना सांगून दे. तू नाही सांगशील तर मी सांगतो."

प्रेमानंच म्हणाला तो. मला मात्र दुश्मन वाटला.

चार दिवसांनी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमची गोटमार. नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेलं पळसाचं झाड — ते जो पळवेल तो जिंकला — आणि दिवसभर दगडांचा मारा. कोणाचा गोटा कोणाला लागला, तिथे कोणी विचारत नाही. मी कधी खेळलो नव्हतो. त्या दिवशी उतरलो. डोकी फुटत होती, रक्तानं भिजलेली माणसं ओरडत पुन्हा दगड उचलत होती — आणि मला ते आवडत होतं, खरं सांगतो. समोर प्रभाकर दिसला. तो खेळत नव्हता. एका जखमी म्हाताऱ्याला हात धरून काठावर चढवत होता. मी मुठीत बसेल असा गोटा निवडला. नेम धरला. अंगातला सगळा जोर लावून फेकला.

तो तोंड धरून खाली बसला. बोटांमधून रक्त आलं. मी दुसराही फेकला — तो चुकला, एवढंच.

डावा डोळा गेला. तो नागपूरच्या दवाखान्यात पडून होता तेव्हा त्याच शहरात मी बक्षीस घेतलं. त्या पुस्तकाचं नाव काढलं नाही. त्यानंही पुढे कधी विषय काढला नाही. "खेळात लागलं," एवढंच तो लोकांना सांगतो.

आता उजवाही अधू झालाय. दर रविवारी पूल ओलांडून मी त्याला वाचून दाखवतो. हल्ली तो तेच रशियन पुस्तक मागतो. घरचे रोग्याशी खोटं बोलतात ते पान आलं की म्हणतो, "थांब. हे पुन्हा वाच."

मी वाचतो. माझा आवाजही कापत नाही.