करवलीचा चाकू

लग्नात मित्रांना चाकू द्यायचे, असं माझ्या मुलाने सांगितलं तेव्हा मी पोळी तव्यावर अर्धवट टाकून गॅस बंद केला. म्हटलं, "काय द्यायचे?"

"चाकू, आई. छोटे, खिशात ठेवायचे. लाकडाची मूठ असते."

मुलगा बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या ऑफिसात होता आणि त्याच ऑफिसातल्या इंग्लिश मुलीशी लग्न ठरलं होतं. गुरुजी आमचे, केक त्यांचा. त्यांच्याकडे नवऱ्यामुलाचे जवळचे मित्र त्याच्या बाजूने उभे राहतात, त्यांतला मुख्य तो बेस्ट मॅन. सगळ्यांचे सूट सारखे, कोटाला लावलेलं फूलही सारखं. त्या मित्रांना नवरामुलगा आठवण म्हणून काहीतरी देतो. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण टाय दे, पेन दे, चाकू कसला देतोस शुभकार्यात? एवढी वर्षं लंडनमध्ये, हॅरोत काढून मला वाटत होतं की आता या देशात मला धक्का बसेल असं काही उरलेलं नाही.

त्यातून आमच्या घरात सुरीचं प्रकरण वेगळंच. हे सर्जन. दिवसभर थिएटरमध्ये नर्स हातात ठेवील ती हत्यारं घेणार, पण घरी कुणाच्या हातून सुरी म्हणून घ्यायचे नाहीत. आंबा चिरायला सुरी पुढे केली की म्हणायचे, "खाली ठेव. हातात दिली की भांडण होतं." लेक लहानपणी यांची टर उडवायची. "बाबा, हॉस्पिटलमध्ये पण खाली ठेवतात का?" हे म्हणायचे, "तिथे भांडायला वेळ कुणाला असतो?" पण दोन्ही मुलांना सवय लागली ती लागलीच. सुरी टेबलावर ठेवायची आणि पुढे सरकवायची.

भांडण व्हायचं ते सुरीवाचूनही झालं. लेकीला ग्लासगोला मेडिकलला घातलं होतं. तिसऱ्या वर्षी तिने ते सोडलं आणि तिथल्या कौन्सिलच्या बागांमध्ये नोकरी धरली. झाडं लावायची, छाटायची, कलमं करायची. हे म्हणाले, "डॉक्टर व्हायला पाठवली आणि माळीण होऊन बसली." ती म्हणाली, "मग त्यात वाईट काय आहे?" शब्दाने शब्द वाढत गेला आणि पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस असं हे बोलून गेले. तीही यांचीच मुलगी, नाही ठेवलं. तेव्हा मुलगा शाळेत होता, आता त्याचं लग्न निघालं, पण मधल्या काळात यांनी तिचं नाव काढलं नाही की कुणाला काढू दिलं नाही. हे हॉस्पिटलला गेले की मी दार लावून तिला फोन करायचे. मुलाला यातलं काही माहीत नाही अशी माझी समजूत होती.

लग्नात नवऱ्यामुलामागे करवली लागते. सख्खी बहीण असून मी त्याच्या चुलतबहिणीला विचारायला निघाले होते आणि जीव नुसता तुटत होता. मुलगा मात्र "बघू, आई" एवढंच म्हणायचा.

चाकू घ्यायला मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेले. म्हटलं, निदान बोथट तरी निवडू. हॅरोतलंच एक जुनं दुकान होतं, छत्र्या, मासे धरायचे गळ आणि चाकू विकणारं. म्हाताऱ्या दुकानदाराने हिरव्या कापडावर एकेक चाकू उघडून मांडला. एक मला खाटकाचा वाटला. दुसऱ्यात बाटली उघडण्यापासून दात कोरण्यापर्यंत सगळं होतं, फक्त चाकू शोधावा लागत होता. शेवटी मुलाने पिवळसर लाकडाच्या मुठीचा, पितळी पट्टीवर अक्षरं कोरून मिळणारा एक निवडला. खरं सांगते, देखणा होता.

"चार द्या," तो म्हणाला.

"तुझे मित्र तर तीन आहेत."

दुकानदाराने अक्षरं विचारली. तीन मित्रांची झाली. चौथ्यासाठी मुलगा म्हणाला, "टी, ए, आय." दुकानदाराने विचारलं, मध्ये टिंबं घालू का? तो म्हणाला, नको, एकच शब्द आहे.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानदाराने पुढे केलेल्या स्टुलावर मी बसलेच.

"ताई येणार आहे?"

"ती माझा बेस्ट मॅन आहे, आई." त्याचं मराठी असंच.

"तुला ती कुठे भेटली?"

"मी जातो ना ग्लासगोला. फुटबॉलला."

फुटबॉल. दर हिवाळ्यात हा मुलगा फुटबॉल म्हणून बहिणीकडे जात होता आणि मी खुळ्यासारखी त्याला मफलर विणून देत होते. वर म्हणतो, "तू तिला फोन करतेस ते पण मला माहीत आहे." असा संताप आला मला. दोघांनी मिळून मला पार वेड्यात काढलं होतं. आणि त्याच क्षणी एवढं बरं वाटलं की रडूच आलं. दुकानदार बिचारा चाकू पुसत बसला.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. तू पण नको सांगू. ते नाही म्हणणार. पण मी ताईशिवाय उभा राहणार नाही."

तिथून लग्नापर्यंत माझा जीव टांगणीला. हे आरशासमोर इंग्लिश व्याह्यांसाठी भाषण पाठ करत होते आणि मी मनात म्हणत होते, तिला बघून हा माणूस भर मांडवातून उठून गेला तर पोराच्या लग्नाचं काय होईल?

लग्नाच्या दिवशी ती आली. माझीच हिरवी साडी नेसून. केव्हा नेली होती देव जाणे. मित्रांच्या कोटाला होतं तेच फूल तिच्या पदराला. हातात करा घेऊन ती भावाच्या मागे उभी राहिली, जशी काही रोज उभी राहत होती.

यांनी तिला पाहिलं. चेहरा पांढरा पडला. वळले आणि दाराकडे चालायला लागले. मंगलाष्टकं चालू, नवरीची आई माझ्याकडे बघून हसतेय, आणि मी यांच्या मागे धावतेय.

पण हे बाहेर गेले नाहीत. दाराशी टेबलावर हारांचं खोकं होतं, साउथॉलच्या देशी बाजारातून आलेलं, चहूबाजूंनी जाड टेप गुंडाळलेलं. ते उघडायचं सगळेच विसरले होते. गुरुजींचं शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. हे नखांनी टेप ओढत होते, मग दातांनी. आयुष्यभर लोकांची पोटं उघडणारा माणूस, त्याला एक खोकं उघडेना.

माझ्या शेजारून लेक पुढे गेली. करा तिने एका मित्राच्या हातात दिला होता. कमरेला खोचलेला भावाचा चाकू काढला, उघडला, टेबलावर ठेवला आणि यांच्याकडे सरकवला. मान खाली.

यांनी चाकूकडे बघितलं. पट्टीवरची अक्षरं वाचली. उचलला मात्र नाही.

"हातात दे," हे म्हणाले.

हे वाक्य यांच्या तोंडून आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं.

"बाबा, हातात दिला तर—"

"भांडण होतं. झालं ना ते. आता दे."

तिने चाकू उचलला आणि मूठ यांच्याकडे करून हातात दिला. यांनी टेप कापली, हार काढून तिच्या हातांवर ठेवले, चाकू मिटला आणि तोही तिच्या हातात दिला. "धार चांगली आहे," म्हणाले. ती हार घेऊन भावाकडे पळाली. गुरुजी सावधान म्हणाले आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझ्या मात्र मुठीतच राहिल्या.