घरटी एक खातं

नंदनवन वस्तीतल्या एका बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे आणि अभ्यासिकेत एकच कॉम्प्युटर. तो सांभाळायच्या प्रेमिलाबाई. तीस वर्षं कचेरीत टायपिंग केलेली बाई. निवृत्तीनंतर वस्तीतल्या पोरींना टायपिंग शिकवू लागली.

कॉम्प्युटरवर खाती त्यांनीच उघडली. पण कुणाच्या नावानं, हे ठरवलं विहाराच्या समितीनं. वर्गणीच्या वहीत असतं तसं घरटी एकच नाव, तेही कर्त्या पुरुषाचं! पोरगी बसणार, पडद्यावर नाव बापाचं. खुद्द प्रेमिलाबाईंना मिळालं ते चार वर्षांपूर्वी वारलेल्या देवरावांच्या नावाचं खातं. रोज सकाळी कॉम्प्युटर त्यांच्या मेलेल्या नवऱ्याचं स्वागत करी आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तरी त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याचाच आता त्यांना सगळ्यात जास्त राग येतो.

त्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे टायपिंग शिकणारी रोशनी रडवेल्या तोंडानं आली. लिपिकाच्या भरतीचा फॉर्म भरायची मुदत पाच वाजता संपत होती. स्कॅन केलेले सगळे दाखले बापाच्या खात्यात, आणि खातं उघडेना.

"मावशी, बाबानं पासवर्ड बदलवला."

"काहून?"

"म्हणते, रविवारी तुले पाहाले पाहुणे येऊन राहिले, आता नोकरीचं नाव काढू नको."

बाईंनी ताराचंदला, म्हणजे रोशनीच्या बापाला, फोन लावला. "पोरगी माही, खातं माहं. तुमाले काय करायचं?" म्हणून त्यानं फोन ठेवला.

प्रेमिलाबाईंचं डोकंच सणकलं. पोरीनं दोन वर्षं बोटं दुखवून घेतली ती काय बापाच्या परवानगीसाठी? "सरक वं," म्हणत त्या खुर्चीत बसल्या. कॉम्प्युटरचा सगळा ताबा, कुणाच्याही खात्यात शिरण्याचा मार्गसुद्धा, त्यांच्याच हाती होता, समितीला याचा पत्ताही नव्हता. त्यांनी रोशनीच्या नावाचं नवं खातं उघडलं, तिचे दाखले त्यात आणले, बापाच्या बाकी फायलींना हातही लावला नाही.

"आता पासवर्ड टाक. मले सांगू नको, कोणालेच सांगू नको."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पाचला दहा कमी असताना फॉर्म गेला.

रोशनीकडून घरी कळलं, आणि सहाला ताराचंदला घेऊन समितीचे अध्यक्ष मधुकरराव आले.

"कोणाले इचारून खातं उघडलं, प्रेमिलाबाई?"

"जिचं आहे तिले."

"समितीचा नियम आहे!"

"नियम करताना एक तरी बाई होती काय तिथं? अन् मीच मूर्ख, तुमचं मुकाट्यानं ऐकलं."

"मंग किल्ली ठेवा. उद्यापासून येऊ नका."

प्रेमिलाबाईंनी किल्ली टेबलावर आपटली आणि चप्पल पायात सरकवली.

"ते खातं पुसून टाका आधी," ताराचंद मागून ओरडला.

"पुस ना गा," बाई वळून म्हणाल्या, "फॉर्म गेला. तो आता वापस येत नाही."