खळ्याला घातलेला वळसा

पंच कोणी व्हावं याचे नियम मला अजून पाठ आहेत, आणि ते आठवले की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते.

बंदुकीनं पाडलेला पक्षी न चावता उचलून आणणाऱ्या कुत्र्यांच्या परीक्षा तेव्हा, संस्थानांच्या काळात, आमच्या भागात भरत. तिथं पंच व्हायचं तर स्वतःच्या हातानं शिकवलेली तीन कुत्री पास झालेली असावीत, आणि दोनदा जुन्या पंचाशेजारी उभं राहून काम बघितलेलं असावं. बस्स. शाळेचं नावसुद्धा नाही त्यात. चौथीतून शाळा सोडून वऱ्हाडातून भोरला येऊन पडलेल्या माणसाला आणखी काय हवं होतं?

मला ठेवून घेतलं ते पलटणीतून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरसाहेबांनी. त्यांची कुत्री मी सांभाळायचो, शिकवायचो. बाकीचे मालक फॉर्मावर शिकवणारा म्हणून आपलंच नाव घालत. डॉक्टरसाहेब माझं घालत. हे उपकार मी विसरलेलो नाही. माझी दोन कुत्री पास झाली होती. पंचाशेजारी दोनदा उभा राहून झालं होतं. उरली होती एक काळी लॅब्रडॉर कुत्री. ती पास झाली की मी पंच.

तिचा सराव मी वेल्ह्याकडच्या भातखाचरांत घ्यायचो. कापणी झालेली, मळणी चाललेली, सारवलेल्या खळ्यावर भाताची रास. शेतमालक म्हातारबाबांनी पहिल्याच दिवशी दम भरला, "फिरवा कुत्रं, माजी ना न्हाई. पर रास उचलंस्तवर खळ्यावर त्याचा पाय पडला, तर पुन्ना हितं दिसायचं न्हाई. आमी सोता वहाणा काढून जातो."

मग मी तिला तेवढंच शिकवत बसलो. पक्षी खळ्यापलीकडं पडला तर कडेनं वळसा घालून जायचं, तसंच परत यायचं. किती दिवस गेले त्यात! शेवटी ती न सांगता वळायला लागली.

परीक्षा त्याच शिवारात भरली, म्हातारबाबांच्या त्याच अटीवर. डॉक्टरसाहेबांनीच त्यांना तसा शब्द दिला होता. पंच म्हणून आले दुसऱ्या संस्थानातले एक गृहस्थ. त्यांची कुत्री त्यांचा नोकर शिकवायचा, हे सगळ्यांना ठाऊक. पण फॉर्मावर नाव त्यांचं, म्हणून ते पात्र!

बार झाला. पारवा खळ्यापलीकडं पडला. कुत्री तीरासारखी सुटली, खळ्याच्या कडेला आली, वळली, आणि पारवा आणून माझ्या हातात दिला. एक पीस मोडलं नव्हतं.

"रेषा सोडली," पंच म्हणाले. "सरळ जायला हवं होतं. शेणाला भ्याली वाटतं तुझी राणी?"

मी म्हणालो, "साहेब, खळं आहे ते. इथं जात नाहीत."

"पंच तू की मी?"

बांधावरून म्हातारबाबा ओरडले, "अवो सायेब, कुत्रीला कळतंय ते तुमाला कळंना व्हय?"

बांधावरची सगळी माणसं हसली, आणि तिथंच माझं वाटोळं झालं. पंचांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कागदावर 'नापास' लिहिलं आणि तो सहीला माझ्यापुढं धरला.

सहीआधी लेखी हरकत घेता येते, हाही नियम मला पाठ होता. मी डॉक्टरसाहेबांकडं बघितलं. पंच दुपारी त्यांच्याच घरी जेवायला होते. साहेब हळूच म्हणाले, "करून टाक सही. पाहुणे आहेत. पुढच्या वर्षी बघू."

मी सही केली. चौथीतलंच अक्षर, वेडंवाकडं आलं. ते बघून पंच हसले.

पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झालं, काडतुसं मिळेनात, परीक्षा बंद पडल्या त्या कायमच्या. मी पंच झालो नाही. ते गृहस्थ मात्र मरेपर्यंत पंच म्हणून मिरवले.

त्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. डॉक्टरसाहेबांवर रागवायला जीभ उचलत नव्हती, परमुलखात त्यांनी मला अन्न दिलं होतं. पण आज लिहितो. साहेब, कुत्री का वळली हे तुम्हाला ठाऊक होतं. तिथं तुम्ही बोलायला हवं होतं.