डावीकडचा माऊस

भाऊजींचा फोन आला तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांच्या सातबाऱ्याच्या प्रती प्रिंटरमधून निघत होत्या. "दिनू, शकू गेली रे..." एवढंच ते बोलले, पुढं नुसता मांडवातला गलका ऐकू येत राहिला. मी फोन खिशात टाकला, प्रती जुळवल्या, स्टेपल मारलं, बाबांच्या हातात दिल्या. "बरं हाय ना बापू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हाव." मग दोन्ही कॉम्प्युटर रीतसर बंद केले, आधी माझा, मग तिचा. शकूताई चिखलीचं लग्न आटोपून दुपारच्या गाडीनं येणार होती, म्हणून तिचा मी सकाळीच सुरू करून ठेवला होता. पंगतीत वाढता वाढता छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंत ती पोचलीच नाही. त्याला काही आठवडे झाले तरी मला रडू आलं नव्हतं. माणसं यायची, पाठीवर हात ठेवायची, मी त्यांच्यासाठी चहा सांगायचो.

शकूताई माझी मोठी बहीण, उंद्रीला दिलेली. मी जळगाव जामोदकडचा. सोयाबीन काढायच्या दिवसांत थ्रेशरनं माझा उजवा हात मनगटापासून नेला, तेव्हा मी नुकताच मराठी टायपिंग शिकून नोकरीच्या जाहिराती बघत होतो. दवाखान्यातून आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचो. भेटायला येणारे माझ्या देखतच म्हणायचे, "आता ह्याचं कसं होईन व माय?" आई पदर डोळ्याला लावायची. ताई आली ती रडली नाही. खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "चाल माह्यासंगं. उंद्रीत हापिस टाकू. टायपिंग, झेरॉक्स, फारम, सगळं."

"एका हातानं?"

"मंग? दोन-दोन हातवाले तरी काय दिवे लावून राह्यले?"

सामान घ्यायला आम्ही खामगावला गेलो. दुकानदारानं तयार संच पुढं केला, कीबोर्ड-माऊसची चकचकीत जोडी, वायर नसलेली. "आजकाल हेच चालते ताई." ताईनं माऊस पालथा केला, सेलचं झाकण उघडून पाहिलं आणि परत दिला. म्हणाली, सेल बदलायला दोन हात लागतात, वायरवाला दाखवा. मग तिनं जे केलं ते आठवलं की आजही माझे कान तापतात. भर दुकानात तिनं स्वतःचा उजवा हात पाठीमागं नेला, पदरात गुंडाळून कमरेला खोचला, आणि एकेक वस्तू डाव्या हातानं वापरून बघायला लागली. उजव्या हाताच्या मापाचे फुगीर माऊस तिनं बाजूला सारले, दोन्हीकडून सारखा असलेला एक निवडला. स्कॅनरचं झाकण उचलून सोडलं की खाली आदळायचं. "कागद ठेवू का झाकण धरू?" असं विचारत तिनं दुकानदाराला आतून दुसरे स्कॅनर काढायला लावले, झाकण आपलंआपण उभं राहणारा सापडेपर्यंत. प्रिंटरचा ट्रे एका हातानं ओढला तर अख्खा प्रिंटर सोबत सरकत यायचा, तोही नापास. पेनड्राइव्ह बिनटोपणाचे, स्टेपलर टेबलाला स्क्रूनं पक्का करता येईल असा. बाकीची गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघत होती. एकानं विचारलंच, "बाई, हाताले काही झालं का?" ती म्हणाली, "मले काई नाई झालं. माह्या भावाले असंच चालवा लागते, म्हणून पाहून राह्यली." मी दारात उभा होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर जाऊन रसवंतीच्या बाकावर बसलो तर तिनं आतूनच हाक मारली, "दिनू, पळून नको जाऊ, तुह्या हाताचं माप लागते!"

ऑफिस सुरू झालं. शिफ्ट दाबून ठेवायला दुसरा हात लागतो म्हणून एकदा दाबलं की पुरेल अशी सोय कॉम्प्युटरमध्येच असते, हे ती कुणाला तरी विचारून आली होती. माझा वेग वाढला. लग्नपत्रिकांचा मजकूर, वकिलांचे अर्ज, पोरांच्या शिष्यवृत्त्या, सगळं मी करू लागलो. ती शेजारच्या टेबलावर. पहिल्याच आठवड्यात बघितलं तर तिचाही माऊस डावीकडं. मी म्हणालो, "ताई, तुझा उजवीकडं घे ना." म्हणाली, "मलेबी डावाच बरा पडते. बसली सवय." गिऱ्हाईक नवं असलं की आधी माझ्या मनगटाकडं बघायचं, मग माऊसकडं, आणि विचारायचं, "हा इकडं काऊन?" ताई मान वर न करता सांगायची, "आमच्या हापिसात असाच राह्यते." माणूस दोन्ही टेबलं बघायचा आणि कागद पुढं करायचा. मग पुढचं बोलणं कामाचं व्हायचं. दुसऱ्यांदा कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

खंडेनवमीला ती सगळ्या सामानाला हळदकुंकू वाहायची. एका वर्षी भक्तीच्या भरात तिनं माऊस उलटा करून त्याच्या लाल उजेडावरच ठसठशीत टिळा लावला. दसरा झाल्यावर स्क्रीनवरचा बाण काही केल्या हलेना. "देवाचा डोळाच झाकला तू," मी म्हणालो. "तुह्या जिभेले काई हाड!" म्हणत ती कापसानं पुसत बसली आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडात धरला.

तेरवी झाल्यावर मी ऑफिस उघडलं. गावात एकच प्रश्न होता, एकट्यानं जमन का? मलाही तोच होता, पण त्याची भीतीसुद्धा नीट वाटत नव्हती. जेवल्यासारखं जेवत होतो, टाइप केल्यासारखं करत होतो. एक दिवस भाऊजी आले. त्यांना विम्याची एक पावती काढायची होती. मी कामात होतो म्हणून तेच तिच्या खुर्चीवर बसले. उजवा हात टेबलावर चाचपत राहिला.

"माऊस कुठं हाय बे?"

"डावीकडं. तिला तसाच लागायचा."

भाऊजी माझ्याकडं बघत राहिले. "कोणी सांगतलं? घरी तर उजव्याच हातानं चालवे. डाव्या हातानं तिले साधी भाकर पलटता ये नाही..."

मी प्रिंटरमध्ये कागद घातला. त्यांची पावती काढून दिली. जाताना ते म्हणाले, "शटर चालू ठेव, दिनू. तिच्या टेबलावर कोणी पाहू."

गावातलीच एक सून, कविता, सोमवारपासून येणार असं ठरलं. तिला डाव्या हाताची शिक्षा नको, म्हणून शनिवारी गिऱ्हाईक सरल्यावर मी ताईचा माऊस उजवीकडं घ्यायला बसलो. ओढला तर येईना. वाकून पाहिलं. वायर टेबलाच्या डाव्या पायाला बांधलेली होती, तिच्या केसांच्या काळ्या रबरानं, वेढे मारून वर घट्ट गाठ. चुकूनही उजवीकडं जाऊ नये, अशी.

बोटांनी प्रयत्न केला. गाठ एका हातानं सुटण्यातली नव्हती. ह्या खोलीत मला एका हातानं उघडता येणार नाही असं तिनं काहीच ठेवलं नव्हतं, ना झाकण, ना ट्रे, ना टोपण. ही एवढीच गाठ राहिली. ही कधी मला सोडवावी लागेल, हे तिच्या मनातच आलं नसावं.

मी फरशीवर आडवा झालो आणि दातांनी गाठ सोडवायला लागलो. रबराला अजून खोबरेल तेलाचा वास होता... तिथं, टेबलाखाली, मला रडू आलं. किती वेळ ते माहीत नाही.

कविता आता रोज येते. तिचा माऊस उजवीकडं, माझा डावीकडं. परवा एका नव्या माणसानं विचारलं, "तुमचा इकडं काऊन?" मी मान वर न करता सांगितलं, "मले एकच हात हाय. बोला, काय काढायचं?" त्यानं कागद पुढं केला.

ताईचं रबर माझ्या उजव्या मनगटावर असतं. तिथं ते चढवायला एकच हात लागतो.