वाद्य क्रमांक बहात्तर

माझा नवरा विनायक गुरुवारी सकाळी ऑफिसच्या जिन्यात कोसळला, तिथेच गेला. साडेनऊ वाजले होते.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं तेवढंच लिहिते.

२००५ साल. जयपूरचं रेल्वे क्वार्टर. विनायक कॉम्प्युटरवर चाली बांधायचा. माउसने एकेक सूर मांडायचा, मग त्याला वाद्य निवडायचा... त्यातच त्याचे आठवडे जात. बुधवारी संध्याकाळी मी वाचत बसले होते.

"बासरी रडकी वाटते, व्हायोलिन नाटकी. तू सांग ना, कोणतं ठेवू?"

"काहीही ठेव रे. सगळी सारखीच वाटतात."

"एम.ए. मराठी, आणि सगळी सारखीच! उद्या सगळे लेखकही सारखेच म्हणशील."

मी पुस्तकातून मान वर केली नाही. हे आमचं शेवटचं बोलणं.

दहाव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, त्याचं ते गाणं ऐकवा. माझा दीर नंदू जयपुरातच, झालान्याला, आयटीत होता. त्याने फाइल उघडली. पियानो वाजला.

"हे काय टणटण? अर्धंच ठेवलं की रे माझ्या पोरानं!"

"आई, त्याने वाद्य निवडलंच नाही. फाइलमध्ये आवाज नसतोच, नुसते सूर आणि वाद्याचा नंबर. इथे नंबर एक आहे, म्हणजे पियानो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, कोणतं टाकू?"

मला सांगता येईना. "राहू दे," म्हटलं. नंदूने काही न बदलता फाइल बंद केली, प्लग काढला, वर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे भुसावळला गेलो. क्वार्टरची एकच किल्ली होती... ती माझ्या पर्समध्ये.

महिन्याने नंदू आणि मी परतलो. एका दुपारी राजा पार्कच्या बाजारात भाजी घेत होते. पलीकडे बँडवाल्याच्या दुकानाबाहेर एक म्हातारा एकटाच क्लॅरिनेटवर सराव करत होता. थकलेला, जरा श्वास लागलेला आवाज. विनायकची चाल त्यात मला आपोआप ऐकू आली, आणि मी मोठ्याने बोलून गेले — "हा. हाच ठेव."

भाजीवाला म्हणाला, "क्या रखूँ, बहनजी? टिंडे?"

संध्याकाळी नंदूला बोलावलं. म्हटलं, आता सांगते, टाक. त्याने चादर काढली, प्लग लावला, फाइल उघडली.

क्लॅरिनेट वाजला.

"मतलब... वहिनी, तू बदललंस?"

"मला येतं का ते?"

नंबर होता बहात्तर. फाइल शेवटची सेव्ह झाल्याची वेळ त्याने दोनदा पाहिली — तोच शेवटचा बुधवार, रात्री आठ दहा. त्यानंतर कुणी बदल केलेला नाही. मग दहाव्या दिवशी आम्ही तिघांनी ऐकला तो पियानो कुठला? नंदू पुढे चार रविवार त्यावर बसला. शेवटी म्हणाला, "मला नाही कळत गं."

विनायकने माझं ऐकलं, असं म्हणायचा मला धीर होत नाही. नाही ऐकलं, असंही म्हणवत नाही.

सासूबाईंना फोनवर ऐकवलं. त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "हां... आता नीट आहे."

कॉम्प्युटर पुढे मोडीत गेला. फाइल सीडीवर आहे. ती तीन मिनिटांची आहे.