काळ्या मातीची काडीपेटी

आमच्या मॅडम सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या मुलाला बोलू देत नसत. आधी पेन्सिल घ्यायची, दिसतं ते वहीत काढायचं, आणि मगच त्याचं नाव सांगायचं. "नाव आधी घेतलंस की पाहणं थांबतं," त्या म्हणायच्या. काचेवर काही सापडलं नाही तरी सुटका नसे. मग जे असेल ते काढा, भाजीचा धागा, हवेचा बुडबुडा, पिठाचा कण. नुसतं 'निगेटिव्ह' लिहिलेली वही त्या न बोलता परत सरकवत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात नुकताच शिकवायला लागलो होतो आणि मॅडमच्या हाताखाली परजीवींवरचं माझं पहिलं संशोधनाचं काम करत होतो. मॅडम पन्नाशीच्या, अंगानं बारीक. साडीखाली कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि कुणी बुटांकडे पाहिलं तर, "जंत पायातून शिरतो, पदरातून नाही," म्हणायच्या.

कापसाची ती वाईट वर्षं होती. जिल्ह्यात रोज कुणीतरी पाहणीला यायचं, गाड्यांचा ताफा गावात थांबायचा, भाषणं व्हायची. बोलणं पुरुषांशीच व्हायचं. वेचणीला जाणाऱ्या बाया थकल्यात, त्यांचे चेहरे पांढरे पडलेत, हे दिसत सगळ्यांना होतं. पण कारण आधीच ठरलेलं असे. चिंता. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनीही मॅडमना तेच सांगितलं. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "असेल चिंता. पण चिंतेनं हिमोग्लोबिन इतकं उतरलेलं मी पाहिलेलं नाही. आपण संडास तपासू."

त्यांना संशय अंकुशकृमीचा होता. हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो, त्याची अंडी विष्ठेतून जमिनीत पडतात, आणि तिथून अळी अनवाणी पायातून पुन्हा शरीरात शिरते. अडचण एकच होती. पुस्तकाप्रमाणे आमच्या चिकट काळ्या मातीत ही अळी फारशी तग धरत नाही. "पुस्तक राळेगाव तालुक्यात आलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आपण जाऊ."

तालुक्यातल्या एका गावच्या टोकाची वस्ती आम्ही निवडली. मॅडम ओट्यावर बसून बायांशी तासभर बोलल्या, आणि मग प्रत्येकीला क्रमांक लिहिलेली एकेक रिकामी काडीपेटी दिली. नमुन्याला तेव्हा आम्ही काडीपेट्याच वापरत असू. एक बाई बोलली, "आमच्या जिंदगीत कोनं असं मांगलं नाई वो मॅडम!" सगळ्या पदराआड हसल्या. त्यांच्यात एक पस्तिशीची बाई होती. ती हसताना भिंतीला टेकून होती. कापसाचं एक तास, म्हणजे एक ओळ, पुरं वेचलं की खाली बसावं लागतं, असं तिनं सांगितलं. जावा म्हणत ही कामचुकार आहे. मॅडमनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग कागदासारखा पांढरा होता.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात परीक्षा होती, मॅडम तिथं अडकल्या, म्हणून पेट्या आणायला मी एकटा गेलो. सत्तावीस पेट्या कापडी पिशवीत भरल्या आणि दुपारची एसटी धरली.

गाडी भरलेली होती, ऊन चढलेलं. पिशवी मांडीवर. शेजारच्या म्हाताऱ्याला पिशवीच्या तोंडाशी पेटी दिसली.

"बापू, एक काडी दे ना. उतरलो का बिडी पेटवतो."

"काड्या नाहीत आजोबा. रिकाम्या आहेत."

"इतल्या साऱ्या? अन् साऱ्या रिकाम्या?" त्यानं पुढच्या बाकाला ऐकवलं, "पोट्टा रिकाम्या माचिसीचा धंदा करून राह्यला रे!"

लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं. थोड्या वेळानं त्यानं नाक वर केलं. "कंडक्टर, गाडीत काही मेलं काय गा? वास येऊन राह्यला." खिडक्या उघडल्या गेल्या. बाकांखाली पाहणं सुरू झालं. माझे कान तापले. मी मास्तरांचा मुलगा, घराण्यातला पहिला डॉक्टर, आणि माझ्या मांडीवर सत्तावीस बायांचा संडास. फाट्यावर गाडी चहाला थांबली तेव्हा मी उतरलो, टपरीमागच्या नालीत पिशवी टाकली आणि हात झटकत परत येऊन बसलो. यवतमाळला पोचेपर्यंत मला अगदी हलकं वाटत होतं. हेही लिहायलाच हवं.

परत गेलो असतो तर एका दिवसाचं काम होतं. पण परत का, हे सांगावं लागलं असतं. मी वही उघडली आणि सत्तावीस क्रमांकांपुढे 'निगेटिव्ह' लिहिलं. प्रत्येकापुढे चित्र काढलं. माझा हात चांगला होता. कुठे भाजीचा धागा, कुठे बुडबुडे, एकीपुढे मिरचीच्या सालीची जाळी. काळ्या मातीत जंत टिकत नाही हे पुस्तकातलं वाक्य मनाशी धरलं आणि कुणाचं काही बिघडणार नाही, असं स्वतःला पटवलं.

पंधरा दिवसांनी मॅडमसोबत वस्तीवर गेलो. मॅडम वही घेऊन एकेकीला निकाल सांगत होत्या. ती टेकून बसणारी बाई पुढे आली. मॅडमनी पुन्हा पापणी ओढली, वहीत पाहिलं, पुन्हा पापणी पाहिली.

"इतकी पांढरी, आणि तुझ्यात काहीच निघालं नाही?"

जावा दूर आहेत हे बघून बाई हळूच म्हणाली, "मॅडम, रागावू नोका. काई निघंन कसं? मले लाज वाटली. मी तं डब्बीत माती भरून देल्ली होती. वावरातली काळी माती."

मॅडमनी वहीतलं तिच्या क्रमांकापुढचं चित्र पाहिलं. तीच ती मिरचीची जाळी. बराच वेळ पाहिलं. मग वही माझ्याकडे वळवून एवढंच म्हणाल्या, "सुंदर काढलंयस."

मी काही सांगायला तोंड उघडलं. पण मॅडम तोवर बाईकडे वळल्या होत्या. "अगं, माती भरायचीच होती तर जिथं परसाकडे बसायला जाता तिथली तरी भरायची. मी तीही तपासली असती."

"तिकडली कशी भरू? तिकडं तं रेती हाय. नाल्याच्या काठाले, जांभयीच्या झाडाखाली. काळ्या मातीत पाय फसते, म्हून साऱ्या तिकडंच जातो."

मॅडम उभ्या राहिल्या. "सावली असते तिथं? ओल?"

"उन्हाळा सोडला तं ओलच असते."

त्या तिच्यासोबत तिथवर चालत गेल्या. मी मागून. नाल्याच्या वळणावर सावलीत रेताड ओली जमीन होती आणि तिच्यावर अनवाणी पावलांच्या खुणा. मॅडम उकिडव्या बसल्या, चिमूटभर रेती तळहातावर घेतली. "पुस्तक बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "आपणच दुसऱ्या मातीकडे पाहत होतो." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी पुन्हा कुणा शिक्षकाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. आणि तो आनंद त्या बाईबरोबर वाटून घेत होत्या, माझ्याबरोबर नाही.

परतताना मी म्हणालो, "मॅडम, पेट्या हरवल्या. गाडीत राहिल्या."

त्या थांबल्या नाहीत. "मला कशाला सांगतोस? पेट्या माझ्या नव्हत्या."

म्हणून ओट्यासमोर बाया गोळा झाल्यावर मीच उभा राहिलो. "ताई, तुमच्या पेट्या माझ्याकडून हरवल्या. ते निकाल धरू नका, पेट्या पुन्हा द्याव्या लागतील."

ती मातीवाली बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. "हरवल्या का फेकल्या, डॉक्टर?"

मॅडम मागे उभ्या होत्या. मी म्हणालो, "फेकल्या. गाडीत लोक हसले, मला लाज वाटली."

एका म्हातारीनं कपाळावर हात मारला, "आमी इतल्या शरमेनं देल्ल्या, अन् यानं फेकल्या वो माय!" आणि सगळा ओटा हसायला लागला. मातीवाली म्हणाली, "म्हंजे तुमाले बी लाज अन् मले बी लाज. बरं झालं. या खेपेले मी बरोबर देतो, तुमी बरोबर न्या."

मी नेल्या. परतीच्या गाडीत एकानं विचारलं तेव्हा पेटीत काय आहे ते मोठ्यानं सांगितलं. अख्खं बाक मला एकट्याला मिळालं.

रात्रंदिवस मनात होता तो मातीवालीचा क्रमांक मी सगळ्यात आधी काचेवर घेतला. अंडी होती, पातळ कवचाची, आत चार पेशी, एका नजरेत दिसणारी कितीतरी. मी पेन्सिल उचलली आणि आधी चित्र काढलं. घाईत चित्र वाईट आलं. मॅडमनी ते पाहून मान डोलावली. जंताच्या गोळ्या झाल्या, मग महिनोन्‌महिने लोहाच्या. पुढच्या वेचणीला ती तास पुरं करून जावेची वाट पाहत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती. माझं नाटक चाललं असतं तर तिला कामचुकार म्हणत राहिले असते, आणि त्याला माझ्या वहीचा पुरावा असता.

अहवाल लिहिताना मॅडमनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली. पहिल्या खेपेचे सत्तावीस नमुने तपासणीआधीच टाकून देण्यात आले, खोट्या नोंदी रद्द केल्या, नमुने पुन्हा घेतले. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "कुणी टाकले ते लिहू?"

आवाजात राग नव्हता. धमकी तर नव्हतीच. ओट्यावर मी एकदा खरं बोललो होतो, आता आणखी एकदा बोलायची संधी त्या मला देत होत्या.

मी म्हणालो, "नको."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि पुढच्या गावच्या पेट्या आणायला मलाच पाठवलं. आता त्या नाहीत. मी त्यांच्याच टेबलाशी शिकवतो, मुलांकडून आधी चित्र काढून घेतो. अहवाल ग्रंथालयात आहे, ती ओळ त्यात तशीच आहे. नमुने मी टाकले होते. नोंदीही माझ्याच होत्या.